मालनवहिनीची विहीर आणि माझं चांदीचं पाणी

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोडी पाठ आहेत, ही एक सोडून. चार वर्षं झाली, हे मी तोंडातून बाहेर काढलेलं नाही — ना घरात, ना मित्रांत, ना देवापुढं. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे म्हणायचं. पण सांगणार माझ्या पद्धतीनं, जरा लांबून. सरळ सांगायचं धाडस असतं तर चार वर्षं लागली असती का?

आधी मी कोण, ते ऐका. भोरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तेहतीस वर्षं सहायक होतो. प्राध्यापक नव्हे — सहायक. पण गावात, बाजारात, एसटी स्टँडवर सगळे मला सरच म्हणायचे आणि मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. का करू? प्राध्यापक यायचे आणि जायचे. कुठली बाटली कुठल्या फळीवर, कुठल्या द्रावणाचा जोर किती, कुठल्या मुलाचा हात थरथरतो, हे मला माहीत असायचं. मी केलेलं द्रावण कधी चुकलं नाही. परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक आधी मला विचारायचे, ‘द्रावणं तुम्हीच केलीत ना? मग झालं.’ हे मी फुशारकीनंच सांगतोय. मला गर्व होता, आणि तो काही निवृत्तीबरोबर जमा करून घेतला नाही कुणी.

निवृत्तीनंतर करोना येऊन गेला आणि जो तो आपापल्या घरात वैद्य झाला. मोबाईलवर व्हिडिओ फिरायला लागले — घरच्या घरी चांदीचं पाणी करा. चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडायच्या, त्यांना बॅटऱ्या जोडायच्या, चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात उतरतात. जखमेला लावा, गुळण्या करा, प्या. मी ते व्हिडिओ बघून कपाळावर हात मारून घेतला. चांदीला नव्हे, त्यांच्या पाण्याला! कुणी नळाचं पाणी घेत होतं, कुणी बोअरचं. एक महाशय तर करंट लवकर वाहावा म्हणून चिमूटभर मीठ टाकत होते. मीठ! तेहतीस वर्षं मी पोरांना काय शिकवलं? पाण्यात मिठाचा अंश असला की चांदी त्याला जाऊन चिकटते आणि पाणी ताकाच्या निवळीसारखं पांढरट होतं. उजेडात ठेवलं की त्याला जांभळट झाक येते, मग करडं पडतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननंही तेच. ते चांदीचं पाणी नव्हेच, तो नुसता गाळ.

मी केलं ते खरं. भोरमधल्या सराफाकडून शुद्ध चांदीच्या, विणायच्या सुईएवढ्या जाड दोन तारा करून घेतल्या. कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवली, ती गार पाण्याच्या बादलीतून फिरवली आणि वाफेचं थेंब थेंब पाणी काचेच्या बरणीत धरलं. त्या प्रत्येक बरणीतलं थोडं पाणी वेगळं काढून त्यात सिल्व्हर नायट्रेटचा, म्हणजे विरघळलेल्या चांदीचा, थेंब टाकून मिठाचा अंश शोधायचो. जराही धूसर दिसलं तर सगळी बरणी झाडाला. उरलेल्यात तारा सोडून चांदी उतरवली आणि नातवाचा लेझर टॉर्च मारला की पाण्यात सरळ रेघ दिसायची. रंग असा की आहे म्हणावं तर आहे आणि नाही म्हणावं तर नाही — फिकट पिवळा. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी मला नंतर चांगलंच झापलं. म्हणाले, प्यायला मुळीच देऊ नका, त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि अंगात चांदी साठली तर कातडी कायमची करडी-निळी पडते. तेव्हापासून मी ते बंद केलं. त्याआधी काही जणांना बाटल्या दिल्या होत्या, हेही कबूल. पण आज मी त्याबद्दल बोलत नाहीये. त्याबद्दल बोलायला मला एवढं जड गेलं नसतं.

आमचं मूळ गाव वेल्ह्याच्या बाजूला, राजगडाच्या अंगाला. पाली आणि गुंजवणे दोन्ही जवळच. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं माझे थोरले चुलतभाऊ राहतात, आमचे दादा, आणि दादांच्या घरी मालनवहिनी.

मालनवहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षक होत्या — म्हणजे गावाच्या पिण्याच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकून पाणी निर्जंतुक करणं, तपासणं आणि वहीत लिहिणं हे काम त्यांच्याकडं. मानधन नावापुरतं. पण त्यांचा थाट बघायला हवा होता तुम्ही! पायऱ्यांच्या खुणेवरून विहिरीत पाणी किती ते बघायच्या, त्यावरून पावडरीचं माप. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोडायचं आणि बादली वरखाली करून ढवळायचं. मग अर्धा तास थांबून, छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं की पाणी प्यायला चांगलं. तो पिवळा रंग त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या. ट्रेकला आलेल्या पोरांनाही थांबवून दाखवायच्या. त्यांच्या काळात गावात पोट बिघडून कुणी दवाखान्यात गेल्याचं मी ऐकलं नाही. आणि हे सांगायला मला आज अभिमान वाटतो — मी पाहिलेल्या कितीतरी बी.एस्सी.च्या पोरांपेक्षा त्या बाईचा हात स्वच्छ होता.

तेव्हा वाटला होता का हा अभिमान? तेव्हा मला वाटायचं, पावडर टाकायला काय लागतं.

उन्हाळा संपत आला होता. दादांनी फोन केला, ‘तुझं ते चांदीचं पाणी लोकांना बघायचंय, येऊन दाखव.’ मी काय, एका पायावर तयार. पाच लिटरचा पांढरा कॅन भरून माझं शुद्ध पाणी घेतलं, तारा, बॅटऱ्या, काचेचं चंचुपात्र घेतलं आणि नसरापूरला एसटी बदलून दुपारपर्यंत गाव गाठलं. देवळाच्या सभामंडपात माणसं जमायला लागली. चाळीसेक तरी असतील. सरपंच पुढं बसलेले. मी कोटाची बटणं लावली — हो, मे महिन्यात कोट.

आणि कॅन मागितला तर दादांची सून म्हणाली, “त्याचा च्या केला की! एवढं नितळ पाणी, म्हटलं पाव्हण्यांसाठीच आणलंय तुमी.”

माझ्या तीन दिवसांच्या पाण्याचा चहा! आणि तो चहा मी स्वतः दोन वेळा मागून प्यायलो होतो. तिला तरी काय बोलणार?

आता बघा, त्या क्षणी मी काय करू शकत होतो? ‘मंडळी, पाणी संपलं, पुढच्या खेपेला दाखवतो’ — एवढंच. लोक हसले असते, चहावरून महिनाभर चेष्टा झाली असती, संपलं. पण चाळीस माणसं, सरपंच, कोट. मी म्हटलं, विहिरीचं पाणी आणा. डोंगरातलं पाणी आहे, चालून जाईल असं मनाला सांगितलं. तुम्हाला वर सगळं सांगितलंय मी, नळ-बोअर-मीठ — आणि तरी ‘चालून जाईल’ म्हणालो.

कळशी आणली मालनवहिनींनीच. मी तारा सोडल्या, बॅटऱ्या जोडल्या. थोड्याच वेळात तारेभोवती पांढरे धागे सुटायला लागले, खाली उतरले, आणि बघता बघता सगळं पाणी पांढुरकं झालं. कुणीतरी विचारलं, “सर, हे असं का वो झालं?”

इथं मी थांबतो जरा.

मी म्हणालो — आवाज अगदी वर्गातला — ‘बघा! चांदी खोटं बोलत नाही. तुमच्या पाण्यात काय आहे ते तिनं बाहेर काढून दाखवलं. हे पाणी तुम्ही रोज पिता!’

काय परिणाम झाला म्हणून सांगू! माझा फसलेला प्रयोग एका वाक्यात चमत्कार झाला. माणसं उठून पुढं आली, चंचुपात्र हातोहात फिरलं. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. कुणी खतांचं नाव घेतलं, कुणी म्हणालं, ‘हिरीत काय पडलंय कुणास ठावं.’ आणि मला — खरं सांगतो — मला छान वाटत होतं. तेहतीस वर्षं मी प्राध्यापकांच्या मागं उभा राहून बाटल्या पुढं केल्या. त्या दिवशी मी पुढं होतो.

तेव्हा मालनवहिनी बोलल्या. भीत भीत नाही. कामातलं माणूस कामातल्या माणसाला विचारतं तसं.

“भावजी, म्या आज सकाळीच टीसीएल टाकलंय हिरीत. त्यानं तर झालं नसंल ना हे?”

आणि मी हसलो. हसून सगळ्यांकडं बघत म्हणालो, ‘वहिनी, पावडर टाकणं वेगळं आणि रसायनशास्त्र वेगळं.’ लोकही हसले. वहिनींनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि त्या मागं जाऊन बसल्या.

पुढचं तुमच्या ध्यानात आलंच असेल. ग्रामसभा झाली. विहिरीचं पाणी प्यायचं बंद, नुसतं धुण्या-भांड्याला. पिण्यासाठी बायका वरच्या झऱ्यावरून हंडे आणायला लागल्या. आणि विहीर बिघडली म्हणजे बिघडवली कुणी? रोज तिच्यात काहीतरी कालवून ओततं कोण? वहिनींचं काम काढून घेतलं. सही करून वही आणि पावडरीचा डबा परत द्यायला लावला. दादा मला फोनवर म्हणाले, ‘जेवत न्हाई रं ती धड.’ मी म्हणालो, ‘होईल सवय.’

झऱ्यात पावडर टाकायचं कुणाला सुचलंच नाही. पाऊस लागला, झऱ्याचं पाणी गढूळलं आणि गावात जुलाबाची साथ आली. पोरं आजारली. आमची काकू, म्हणजे दादांची आई, वहिनींची सासू — वहिनी तिला आत्याबाई म्हणतात — चार दिवस सलाईनवर होती. वाचली, पण तिचं चालणं गेलं ते गेलंच. त्या चार दिवसांत मी दवाखान्यात फळं घेऊन गेलो होतो. वहिनी पायाशी बसल्या होत्या. मी सफरचंदं ठेवली आणि एसटी चुकेल म्हणून निघालो.

मग आरोग्य खात्याची माणसं आली. विहिरीचा नमुना तपासायला गेला आणि अहवाल आला — पाणी पिण्यास योग्य. म्हणजे अडकलोच ना मी? उघडं पडायला हवं होतं खरं तर. पण मधल्या काळात गावानं विहिरीतला गाळ उपसला होता. लोक म्हणाले, सरांनी वेळीच सांगितलं, आपण गाळ काढला, म्हणून अहवाल चांगला आला. पुढच्या ग्रामसभेत मला शाल आणि श्रीफळ दिलं. ओवाळायला मालनवहिनींना पुढं केलं, घरच्या म्हणून. त्यांनी मला कुंकू लावलं, तबक फिरवलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

ती शाल छान आहे. मी अजून वापरतो. इथंही मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

आता तुम्ही विचाराल, मला खरं कधी कळलं? या प्रश्नाचं एक उत्तर मी चार वर्षं तयार ठेवलंय. ते असं — त्या पाण्याची एक बाटली मी भोरला नेली होती, ती खिडकीत राहिली, दोन दिवसांनी बघतो तर जांभळट झाक. तेव्हा माझी ट्यूब पेटली, की अरे, हे विष नाही, घाण नाही, हे तर साधं आपलं मिठातलं क्लोराइड! विहिरीत थोडंफार असतंच, त्यात वहिनींच्या टीसीएलची भर. म्हणजे पाणी पांढरं पडलं ते घाणीमुळं नाही. ज्या पावडरीनं पाणी शुद्ध राहत होतं, तिचाही त्या पांढऱ्या रंगात वाटा होता. पण तोवर बोलून गेलो होतो, उशीर झाला होता — असं ते उत्तर. चांगलं आहे ना? ऐकणाऱ्याला वाईट वाटावं, पण फार नाही.

बाटली खरी आहे. खिडकी खरी आहे. जांभळी झाकही खरी.

पण ज्या माणसानं तेहतीस वर्षं दरवर्षी नव्या पोरांना तोच पांढरा साका दाखवला, स्वतःच्या पाण्याच्या प्रत्येक बरणीत जो तोच शोधत होता, त्याला कळायला दोन दिवस लागतील? पहिला पांढरा धागा सुटला तेव्हाच मला कळलं होतं. वहिनींनी विचारलं तेव्हा त्यांनी मला बरोबर उत्तर सांगितलं होतं, चाळीस माणसांदेखत. ते बरोबर होतं म्हणूनच मी हसलो. चुकीचं असतं तर मी समजावून सांगितलं असतं. मला समजावून सांगायला फार आवडतं.

तरीही, इथवर असतं तर कदाचित मी हे कधीतरी बायकोला सांगितलं असतं. चारचौघांत नाक जाईल म्हणून माणूस खोटं बोलतो, ते लोकांना समजतं. जे समजणार नाही ते पुढं आहे.

शालीचा कार्यक्रम आटोपल्यावर दादांच्या पडवीत मी एकटा बसलो होतो. मालनवहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. दारात कुणी नव्हतं, घरात आत झोपलेली काकू सोडून कुणी नव्हतं. त्यांनी तांब्या ठेवला आणि खाली बसल्या.

“भावजी, एक इचारू? माझं काय चुकलं हुतं, तेवढं सांगा. राग न्हाई माझा. ज्यो कुणी आता हे काम करील त्याला तरी सांगता यील.”

कुणीही ऐकत नव्हतं. सरपंच नव्हते, कोट नव्हता, चाळीस माणसं नव्हती. दोन वाक्यं पुरली असती. आणि त्यांनी ती गावभर नेली नसती, एवढं मी त्यांना ओळखतो. त्यांना नुसतं जाणून घ्यायचं होतं.

मी विचार केल्यासारखं केलं. चष्मा पुसला. आणि म्हणालो, ‘पावडरीचं प्रमाण थोडं जास्त होत असावं.’

त्या कितीतरी वेळ बोटांवर काहीतरी मोजत होत्या — पायऱ्या असतील, चमचे असतील. मग म्हणाल्या, “व्हय का. म्हंजी माझ्यामुळंच बंद झाली हीर. आन् आत्याबाईंचं बी मग...” आणि उठून आत गेल्या.

त्यानंतर त्यांनी कधी पाण्याचा विषय काढला नाही. दादा सांगतात, आता घरात भाजीला मीठ घालतानाही त्या दोनदा विचारतात, जास्त तर नाही ना झालं. काकूला उचलून बाहेर आणून बसवतात, आत नेतात, तिचं सगळं करतात, आणि कुणी शाबासकी दिली तर म्हणतात, हे मला फेडायचंच आहे. मी दिवाळीला गेलो की माझ्या पाया पडायला नातीला पुढं करतात आणि सांगतात, ‘ह्ये आपलं सर. पाण्यातलं समदं कळतं ह्यांना.’

हो, कळतं. पाण्यातलं सगळं कळतं मला, अजूनही. मालनवहिनींचं प्रमाण बरोबर होतं. एका चमच्यानंही जास्त नव्हतं. त्या बोटांवर मोजत होत्या तेव्हा मी समोर बसून तेच गणित मनात करत होतो, आणि त्यांचं उत्तर बरोबर आलेलं मला दिसत होतं.